वसंतातले पक्षी: आधी घराजवळची काटेसावर, मग न्यू जर्सीचे ओक

मुलाकडे किंवा लेकीकडे न्यू जर्सीला जायचे ठरले, की पक्षी बघणारी मंडळी नवी दुर्बीण घेतात, अमेरिकेतल्या पक्ष्यांचे जाडजूड पुस्तक मागवतात आणि तिकीट काढतात जूनचे. जूनपर्यंत उत्तरेकडे जाणारे बहुतेक पक्षी पुढे निघून गेलेले असतात. नवी दुर्बीण हाताला बसलेली नसते. शेकडो चित्रे चाळून डोळा तयार होत नाही तो नाहीच. मग ओकच्या शेंड्यावर काहीतरी पिवळे हलते आणि दुर्बीण वर जाईपर्यंत नाहीसे होते. अशा आठ-दहा सकाळी गेल्या की माणूस कंटाळतो आणि राहिलेले दिवस मॉलमध्ये घालवतो.

या सगळ्याला कारण एकच, क्रम चुकतो. फेब्रुवारी ते एप्रिल घराजवळ सराव आणि मेचे पहिले तीन आठवडे तिकडे, असा क्रम लावला तर दोन्ही वसंत पदरात पडतात. परदेशाचा बेत नसेल तर पहिले पाच टप्पे तेवढे करा, ते स्वतंत्रपणेही पुरेसे आहेत. बेत असेल, तर मात्र ते गाळून सहाव्यावर उडी मारू नका. घराजवळचे दोन महिने ज्यांनी नीट घालवले, त्यांनाच परदेशातले दोन आठवडे फळतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहत आलो आहे.

## १. दुर्बीण डोळ्यांना बसवून घ्या

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० किंवा १२ पटीच्या मोहात पडू नका. हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते, दिसणारा आवाका लहान होतो आणि पानांत भिरभिरणारा पक्षी सापडतच नाही. झूमची दुर्बीण तर मुळीच नको.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मेळ घालणे. चष्मा लावत असाल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा पूर्ण खाली करा, नसाल तर वर. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दृश्य दिसेल असे जमवा. मग समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी निवडा. उजव्या बाजूचे पुढचे भिंग हाताने झाका आणि मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरे स्पष्ट करा. आता डावे भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा (बहुतेक दुर्बिणींत ती तिथेच असते). अक्षरे स्पष्ट झाली की कडीची खूण लक्षात ठेवा. ती पुन्हा हलवायची नाही, यापुढे फक्त मधले चाक.

दुसरा सराव याहून महत्त्वाचा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. खाली दुर्बिणीकडे बघून मग वर शोधायला गेलात की पक्षी हरवला. गच्चीतून बुलबुल, साळुंक्या, चिमण्या यांच्यावर रोज पाच मिनिटे हे करा.

तपासा: वीस-पंचवीस पावलांवरचा बुलबुल पहिल्याच प्रयत्नात दुर्बिणीत येतो का? येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाण्याची घाई नको.

सावध: मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. दुर्बीण कातडी पाकिटात कोंडून ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

## २. एकच जागा ठरवा

दर रविवारी नवे ठिकाण ही सर्वांत सामान्य चूक. कधी भिगवण, कधी कर्नाळा, कधी नांदूर मधमेश्वर. तिथे पक्षी भरपूर दिसतात, पण शिकणे होत नाही, कारण काल काय होते आणि आज काय बदलले हे कळायला मार्गच नसतो. वसंत म्हणजे तर नुसता बदलच.

घरापासून पायी पंधरा मिनिटांत येणारी जागा घ्या. पुण्यात वेताळ टेकडीची एखादी वाट, पाषाण तलावाचा एक काठ. मुंबईत राष्ट्रीय उद्यानाचा किंवा आरेचा कडेचा भाग. नागपुरात गोरेवाड्याची बाजू. गावात राहत असाल तर ओढ्याकाठचा एक बांध पुरे. निवडताना तीन गोष्टी बघा: एक-दोन फुलणारी देशी झाडे, एक वड, पिंपळ किंवा उंबर, आणि थोडेसे पाणी. हे तिन्ही एका हाकेच्या अंतरावर असेल तर याहून चांगली शाळा नाही.

आठवड्यातून तीनदा, सूर्योदयाच्या सुमारास, पाऊण तास. मार्चमध्ये साडेनऊनंतर ऊन चढते आणि पक्षी गप्प होतात. उशिरा जाऊन "हल्ली पक्षीच दिसत नाहीत" म्हणणारे खूप भेटतात.

## ३. फुललेले झाड धरून बसा

फिरत राहू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा यांपैकी एक झाड शोधा आणि त्याच्यापासून वीसेक पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन बसा. ही झाडे पाने गाळून फुलतात, त्यामुळे पक्षी लपत नाहीत. नवशिक्याला यापेक्षा सोपी संधी वर्षभरात मिळत नाही.

काटेसावरीचे फूल जवळून बघा. जाड, मांसल, लाल पाकळ्यांचा पेला, मध्ये पुंकेसरांचा झुपका आणि तळाशी पातळ मकरंद. साळुंकी त्यात डोळ्यांपर्यंत डोके बुडवते. बाहेर आली की कपाळावर परागांचा पिवळट थर. इथेच घोटाळा होतो. पिवळ्या कपाळाची "वेगळीच मैना" दिसल्याचे फोटो दर वसंतात फिरतात. नवे काही दिसले की आधी विचारा: हा रंग पिसाचा की फुलाचा?

झाडावर कोण काय करतो तेही पाहा. भांगपाडी मैना आणि बुलबुल मकरंद पितात. कोतवाल मकरंदही घेतो, पण बराच वेळ उघड्या फांदीवर बसून फुलांवर आलेले किडे हवेत झेलतो. पोपट पळसाची फुले कुरतडून खाली टाकतात. शिंजीर फुलाच्या बुडाशी चोच घालतो. गुलाबी मैनांचा थवा आला की बाकीच्यांना जागा उरत नाही. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. हे थवे मध्य आशियात वीण करतात आणि एप्रिलपर्यंत इथून निघतात. ते फुलांवर तुटून पडतात कारण पुढे लांबचा पल्ला आहे.

जांभळ्या शिंजिराच्या नराकडे विशेष लक्ष द्या. हिवाळ्यात तो मादीसारखा फिका, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा तेवढा असतो. वसंत येईल तसे त्याच्या अंगावर गडद ठिपके उमटतात आणि शेवटी सगळा नर चकचकीत निळा-जांभळा होतो. अर्धवट बदललेला नर बघून लोक पुस्तकात तिसराच पक्षी शोधतात. एकाच झाडावर दोन-तीन आठवडे हा बदल पाहिलात की पिसे बदलणे म्हणजे काय ते कायमचे समजते, आणि मेमध्ये ओकवर त्याचाच उपयोग होणार आहे.

मार्च संपता संपता फुले ओसरतात. मग मुक्काम उंबर-वडाखाली हलवा. तांबट आणि कोकीळ तिथे, आणि सकाळच्या पहिल्या उन्हात निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसलेला हरियाल. भर पानात बसलेला हरियाल दिसणे कठीण. म्हणून आधी शेंडे बघा, मग फळे.

## ४. आधी कान, मग डोळे

परदेशी जाण्याआधी करायच्या तयारीत हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका हाच लोक सोडतात. पाने दाट झाली की दहापैकी आठ पक्षी आधी ऐकू येतात.

पहिल्या आठवड्यात फक्त पाच आवाज पक्के करा: तांबट, कोकीळ, दयाळ, शिंपी, बुलबुल. पद्धत अशी. डोळे मिटून दहा मिनिटे बसा. वहीत मध्यभागी स्वतःची फुली काढा. ज्या दिशेने आवाज आला तिथे खूण करा, ओळखता आला तर नाव, नाही तर तो कसा होता ते आपल्या शब्दांत: "टुक-टुक एका लयीत", "चढत जाणारी शीळ". मग उठून एकेका खुणेमागचा पक्षी डोळ्यांनी शोधा. आवाज आणि पक्षी एकत्र पाहिल्याशिवाय आवाज लक्षात राहत नाही.

तांबट सापडला नाही तर निराश होऊ नका. तो ओरडताना डोके इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. पक्षी मात्र तिथेच, बहुधा वाळक्या शेंड्यावर. कोकिळेचे गाणे म्हणून आपण ऐकतो ते नराचे. अंगभर ठिपके असलेली मादी वेगळी, घाईघाईची किक-किक करते. एप्रिलच्या आसपास पावशा सुरू होतो. "पेरते व्हा, पेरते व्हा" असे चढत चढत टिपेला जाऊन थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून. तो दिसायला शिक्र्यासारखा असतो, अगदी शेपटीच्या पट्ट्यांसकट. त्याचे उडणे बघून फसलात तरी आवाज फसवत नाही.

मर्लिन हे मोफत ॲप आवाज ऐकून नाव सुचवते. जरूर वापरा, पण स्वतःचा अंदाज वहीत लिहून झाल्यावरच. आणि ते सुचवते, सिद्ध करत नाही. भृंगराज आणि पर्णपक्षी दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतात. मर्लिनने शिक्रा दाखवला आणि झाडावर पर्णपक्षी बसला आहे, असे सहज होते.

सावध: फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावू नका. वसंतात नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो. खाणे आणि घरटे सोडून तो हद्द राखायला धावतो, आणि त्याच जागी रोज पाच जणांनी हे केले तर त्या जोडीची वीण फसू शकते. फोटोसाठी घरट्याजवळच्या फांद्या बाजूला करणे त्याहून वाईट. ऊन आणि कावळे दोन्ही आत येतात.

## ५. नोंद करा, नाव शेवटी लिहा

"छोटा, पिवळा, चिमणीएवढा" या नोंदीचा काही उपयोग नाही. पक्षी दिसला की या क्रमाने बघा आणि लिहा: आकार कोणत्या ओळखीच्या पक्ष्याएवढा, चोच जाड की बारीक, काय करत होता आणि किती उंचीवर, डोळ्यावर किंवा पंखावर पट्टी आहे का, शेपटी हलवतो का. रंग सर्वांत शेवटी, कारण उन्हात रंग फसवतात. नाव त्यानंतर. नाव आधी सुचले की डोळे त्या नावाला सोयीचे तेवढेच बघतात.

घरी येऊन ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरा. सुरुवातीची वेळ, किती मिनिटे, किती अंतर, आणि प्रत्येक पक्ष्याची संख्या. दिसलेले-ऐकलेले सगळे ओळखीचे पक्षी भरले असतील तरच "सगळे पक्षी नोंदवले" याला होकार द्या. दिवसभर चार ठिकाणी फिरून एकच यादी करू नका. एका जागेची एक. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे कुठे आहे ते मात्र कुठेच जाहीर लिहू नका.

एक नोंद जवळजवळ कोणीच ठेवत नाही: शेवटच्या दर्शनाची तारीख. पांढरा धोबी आला की लोक आनंदाने लिहितात, गेला कधी ते कुणाला सांगता येत नाही. एप्रिलमध्ये प्रत्येक फेरीला हिवाळी पाहुण्यांची वेगळी ओळ ठेवा: धोबी, माळभिंगरी, पर्णवटवटे. "आज नाही" असे लिहिणे हीसुद्धा नोंदच. सलग तीन-चार फेऱ्या "नाही" आले की आधीची तारीख पक्की.

तपासा: एप्रिलच्या मध्यापर्यंत घराजवळचे वीस पक्षी फक्त आवाजावरून सांगता येतात का? येत असतील तर तुम्ही परदेशासाठी तयार आहात. बारा येत असले तरी निघा, पण सातवा टप्पा दुप्पट मनावर घ्या.

## ६. तारीख आधी, ठिकाण नंतर

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसंताचे वेळापत्रक कडक असते. एप्रिलच्या मध्याला पाइन, पाम आणि यलो-रम्प्ड वॉर्बलर (आपल्या वटवट्यांसारखे चिमुकले, किडे खाणारे पक्षी) येऊ लागतात. एप्रिल संपताना ब्लॅक-अँड-व्हाइट, यलो, पॅरुला. खरी गर्दी साधारण ५ ते २० मेदरम्यान: ब्लॅकबर्नियन, मॅग्नोलिया, चेस्टनट-साइडेड, बे-ब्रेस्टेड, त्यांच्यासोबत स्कार्लेट टॅनेजर, बाल्टिमोर ओरिओल, रोझ-ब्रेस्टेड ग्रोसबीक. मेच्या अखेरीस ब्लॅकपोल वॉर्बलर भरपूर दिसू लागला की हंगाम संपत आला असे समजा. जूनमध्ये तिथे वीण करणारे तेवढे उरतात.

म्हणून तिकीट असे काढा की १ ते ३ मेच्या दरम्यान पोचाल. तिथले घड्याळ मेमध्ये आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, त्यामुळे पहिला आठवडाभर पहाटे तीन-चारला जाग येते. बाकीच्यांना त्रास वाटतो, पक्षी बघणाऱ्याला सूर्योदयाआधी तयार राहायला हीच मदत.

ई-बर्डवर ज्या काउंटीत (तिकडचा जिल्हा) राहणार तिचा बार चार्ट उघडा. एडिसन असेल तर मिडलसेक्स काउंटी. त्यात प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात आणि कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात किती नियमित दिसतो ते पट्टीच्या जाडीवरून कळते. तुमच्या मुक्कामाच्या आठवड्यांत ज्यांची पट्टी जाड आहे असे तीस पक्षी निवडा. पुस्तकातले बाकीचे बाजूला.

## ७. निघण्याआधीचे दोन आठवडे

इथे क्रम घरच्यासारखाच: आधी रोजचे, मग पाहुणे. रॉबिन, कार्डिनल, ब्लू जे, टफ्टेड टिटमाउस, चिकडी आणि कॅरोलिना रेन, या सहांचे आवाज आधी पाठ करा. न्यू जर्सीच्या कोणत्याही वस्तीत सकाळी हेच ऐकू येतात, आणि हे ओळखता आले की जो आवाज यांच्यापैकी नाही तो पाहुण्याचा. तिकडचा रॉबिन आपल्या चीरकासारखा नाही हेही लक्षात असू द्या. तो कस्तुराच्या कुळातला, विटकरी छातीचा, हिरवळीवर गांडुळे शोधणारा.

मग चार वॉर्बलर. ओव्हनबर्ड जमिनीवर चालतो आणि "टीचर-टीचर-टीचर" असे वाढत्या जोराने म्हणतो. कॉमन यलोथ्रोट पाण्याजवळच्या झुडपांत "विचिटी-विचिटी" करतो. ब्लॅक-अँड-व्हाइट खोडावर सरपटत किडे शोधतो, आवाज बारीक, एकसुरी "वीसी-वीसी". पॅरुलाची घरघर वर चढत जाते आणि शेवटी तुटते. एवढे पुरे. पस्तीस वॉर्बलर पाठ करणारे पहिल्याच सकाळी सगळे विसरतात.

मर्लिनचा अमेरिकेच्या त्या भागाचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्या. तिथेही नकलाकार आहेत: मॉकिंगबर्ड आणि कॅटबर्ड. दर काही सेकंदांनी नवा पक्षी सांगितला जात असेल तर आधी तारेवर मॉकिंगबर्ड बसला आहे का बघा.

सामानात: दुर्बीण हातातल्या पिशवीत, एक गरम जाकीट (मेच्या पहाटेही चांगलीच थंडी असते), फिक्या रंगाच्या लांब पँटी, उंच मोजे, आणि आजारपण धरलेला प्रवास विमा.

## ८. रात्रीच ठरवा, सकाळी कुठे जायचे

हे पक्षी रात्री उडतात. त्यामुळे सकाळ कशी जाईल ते आदल्या रात्रीचा वारा ठरवतो. दक्षिणेकडून किंवा नैऋत्येकडून उबदार वारा असेल तर पक्षी मोठ्या संख्येने निघतात. उत्तरेचा थंड वारा असेल तर थांबतात. मध्यरात्रीनंतर पाऊस लागला तर उडणारे खाली उतरतात आणि ती सकाळ सोडायची नसते.

बर्डकास्ट हे संकेतस्थळ हवामान रडारवरून रात्री किती पक्षी आकाशात आहेत ते दाखवते आणि पुढच्या तीन रात्रींचा अंदाजही देते. झोपण्याआधी ते उघडा. अंदाज जोरात असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा की सकाळचा चहा तुमच्यासाठी नको. अंदाज मंद असेल तर खरेदी, देऊळ, नातेवाईक ही कामे त्या दिवशी उरका. वारा न बघता शनिवार-रविवार धरून बसणे ही परदेशातली सर्वांत महागडी चूक.

## ९. पहाट: कुठे उभे राहायचे

मेच्या सुरुवातीला सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास. त्या वेळी जागेवर असायला हवे.

गाडीने सोडणारे कोणी असेल तर पॅसेइक काउंटीतले गॅरेट माउंटन. डोंगराच्या माथ्यावर झाडी आणि चहूबाजूंना दाट शहर, म्हणून रात्रभर उडून दमलेले पक्षी इथे उतरतात. उतारावर उभे राहिले की काही झाडांचे शेंडे जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला येतात आणि मान दुखत नाही.

गाडी नसेल तर एडिसनहून रेल्वेने न्यूयॉर्कचे पेन स्टेशन, तिथून भुयारी रेल्वेच्या सी गाडीने ८१वा रस्ता, आणि समोर सेंट्रल पार्क. आत रॅम्बल नावाचा झाडीचा भाग आहे. तिथे द पॉइंट, अझेलिया पाँड आणि ट्युपेलो मेडो या तीन जागा आळीपाळीने करा. तिथल्या लोकांशी बोला. दुर्बीण गळ्यात असलेल्या कुणालाही काय दिसले विचारले की आनंदाने सांगतात. ते झाड घड्याळाची तबकडी धरून सांगतात; "टू ओ'क्लॉक" म्हणजे दोनचा आकडा असतो तिथे, उजवीकडे वर. याची सवय आधीच करून घ्या.

कुठेही असा, पहिले ऊन ज्या शेंड्यांवर पडते तिकडे बघा. तिथे किडे आधी जागे होतात. झाडांमध्ये ओक पहिला. मेच्या सुरुवातीला ओकला कोवळ्या पानांबरोबर लोंबते, पिवळट हिरवे तुरे येतात आणि त्यांत बारीक अळ्या असतात. वॉर्बलर तुऱ्याच्या टोकाला उलटा लटकतो, तुरा पिळून काढावा तसा चोचीने तपासतो आणि पुढच्या तुऱ्यावर जातो. ब्लॅकबर्नियनचा नर असा लटकला आणि त्याच्या गळ्यावर ऊन पडले की तो केशरी रंग उघड्या डोळ्यांनीही दिसतो. काटेसावरीखाली बसायची सवय इथे कामाला येते: झाडांमागे धावू नका, एक फुललेला ओक धरा आणि वीस मिनिटे थांबा. पक्षी लाटेने येतात.

पहिल्या आठवड्यात हलणारे बहुतेक पक्षी यलो-रम्प्ड निघतील. कंटाळू नका. शेपटीच्या वर पिवळा डाग, कुशीला पिवळा डाग, हे डोळ्यांत इतके भरू द्या की त्याला क्षणात बाजूला काढता येईल. मग उरलेल्यांची उंची बघा. जमिनीवर ओव्हनबर्ड, झुडपात यलोथ्रोट, खोडावर ब्लॅक-अँड-व्हाइट, मधल्या फांद्यांत नाचणासारखी शेपटी पसरत नाचणारा रेडस्टार्ट, शेंड्याला ब्लॅकबर्नियन. उंची आणि वागणूक धरली की निम्मी ओळख झाली.

दुपारी पक्षी मंदावतात. तेव्हा झाडीतला एखादा उथळ ओहळ गाठा. आंघोळीला ते खाली येतात आणि शेंड्यावर न दिसलेला पक्षी पावलांपाशी दिसतो.

सावध: वस्तीत कुणाच्या घराच्या दिशेने दुर्बीण रोखू नका आणि कुंपण नसले तरी दुसऱ्याच्या हिरवळीवर पाय ठेवू नका. पडलेले पीसही उचलून आणू नका. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टनुसार तिथल्या जवळजवळ सर्व देशी पक्ष्यांची पिसे बाळगायला परवानगी नाही.

## १०. गोचीड आणि तीन पानांची वेल

हा टप्पा छोटा आहे, पण टाळू नका. न्यू जर्सी-न्यूयॉर्कमध्ये हरणांवरच्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो, आणि मे-जूनमध्ये दिसणारी पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. पँट मोज्यांत खोचा, वाट सोडून गवतात शिरू नका, परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा कपड्यांवर मारा (त्वचेवर नाही). परतल्यावर लगेच आंघोळ आणि काखा, कंबर, गुडघ्यामागचा भाग, केसांची मुळे नीट तपासणे. गोचीड चिकटलेली सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल, मेणबत्ती असले उपाय नकोत. संसर्ग व्हायला ती सहसा २४ तासांहून अधिक चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी हाच उपाय. महिनाभरात ताप किंवा त्वचेवर पसरणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरांकडे जा. तोवर भारतात परतला असाल तर इथल्या डॉक्टरांना प्रवासाचे आवर्जून सांगा, नाहीतर हा आजार त्यांच्या डोक्यात येणार नाही.

दुसरी पॉयझन आयव्ही. पळसाला पाने तीन, हिलाही तीनच. खोडावर चढलेली किंवा वाटेकडेला पसरलेली तीन पानांची वेल दिसली की हात लावायचा नाही, टेकायचेही नाही. अंगावर खाज येणारे फोड उठतात.

## ११. एक दिवस डेलावेअर उपसागरासाठी

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस राखून ठेवा आणि दक्षिणेला केप मेजवळच्या रीड्स बीचवर जा. एडिसनहून गाडीने दोन-अडीच तास. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराचे, नावापुरतेच खेकडे असलेले जीव (हॉर्सशू क्रॅब) वाळूत अंडी घालतात. रेड नॉट हे किनारपक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे जाताना ती अंडी खायला थांबतात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत किनाऱ्याचे काही पट्टे माणसांसाठी बंद असतात, ठरवून दिलेल्या जागेवरूनच बघायचे. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहा. ठाण्याच्या खाडीवर रोहित बघायला जाणाऱ्यांना याची सवय असतेच: भरती चढू लागली की पक्षी काठाकडे सरकतात, पूर्ण ओहोटीला दूर चिखलात ठिपके तेवढे.

## १२. परतल्यावर

पहिल्या आठवड्यातच याद्या तपासा. फोनने घड्याळ बदलले नसेल तर वेळा चुकलेल्या असतात, त्या दुरुस्त करा. फक्त मर्लिनने सांगितले म्हणून भरलेला आणि तुम्ही स्वतः न पाहिलेला किंवा न ओळखलेला प्रत्येक पक्षी यादीतून काढा. ज्याबद्दल खात्री नाही तो "वॉर्बलर, जात अनिश्चित" असा ठेवता येतो. चुकीच्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगाची.

मग लगेच घराजवळच्या जागेवर जा. मेच्या अखेरीस परतला असाल तर पावसाआधीचे दिवस हाताशी आहेत. पहाटे आणि संध्याकाळी झाडीच्या जमिनीलगत दोन सुरांची स्वच्छ शीळ आली तर तो नवरंग. त्याची पहिल्या दिवसाची तारीख लिहा, आणि एप्रिलमध्ये उघडलेल्या शेवटच्या दर्शनांच्या ओळी आता बंद करा.